बकरीचं पिल्लू नेमकं कोणत्या वयात जातं? घरच्या वहीतून जगण्याचा आलेख काढायची पद्धत

गावात कुणालाही विचारा, यंदा किती पिल्लं मेली? उत्तर येतं, "असतील पाच-सात." जन्मली किती होती, हे अंदाजानं सांगतात. मेली ती कोणत्या वयात, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. आणि पैसा कुठे घालायचा, हे तर त्या शेवटच्या प्रश्नावरच ठरतं. एका घरी शंभरातली वीस पिल्लं पहिल्या आठवड्यात गेली आणि शेजारच्या घरी वीस पिल्लं चौथ्या-पाचव्या महिन्यात झडीच्या दिवसांत गेली, तर मर दोन्हीकडे वीस टक्केच. पण पहिल्या घरानं चिकाकडे (व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधाकडे), नाळेकडे आणि कोठ्यातल्या ओलीकडे बघायला हवं, दुसऱ्या घरानं लस आणि जंतांकडे. नुसता वीसचा आकडा दोघांनाही काहीच सांगत नाही.

म्हणून ही पद्धत. हिला लागते एक वही, एक पेन्सिल, एक पट्टी आणि वर्षभराची चिकाटी. विदर्भात बेरारी किंवा गावरान बकऱ्या पाळणारं कुटुंब, बचत गट, पशुसखी (गावातली जनावरं सांभाळायला शिकवलेली बाई), कुणालाही ती जमते. शाळेत भागाकार शिकलेलं पोर घरात असलं की पुरे.

आधी रेघेचे आकार समजून घ्या

एकाच सुमारास जन्मलेले हजार जीव धरायचे आणि वय वाढत जाईल तसे त्यातले किती उरले हे कागदावर मांडत जायचं. जी उतरती रेघ मिळते तिला जीवितता वक्र म्हणतात, आणि त्यामागच्या आकड्यांच्या तक्त्याला जीवनतक्ता. माणसांसाठी असा हिशेब लंडनच्या जॉन ग्रॉन्ट यांनी १६६२ मध्येच मांडला होता. प्राण्यांसाठी या रेघेचे मूळ नमुने अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी १९२० च्या दशकात पुढे आणले, आणि एडवर्ड डीव्ही यांनी १९४७ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांचे तक्ते एका जागी आणून त्यांची तुलना केली.

पहिल्या नमुन्यात रेघ बराच काळ वरच राहते आणि म्हातारपणी एकदम खाली येते. हत्ती यात मोडतो. दुसऱ्यात, जेवढे शिल्लक आहेत त्यातला साधारण ठराविक हिस्सा दर वर्षी जातो, मग वय कोणतंही असो. मोठे झालेले बरेच पक्षी असे जगतात. तिसऱ्या नमुन्यात सुरुवातीलाच कडा कोसळतो आणि जे त्यातून वाचतात ते पुढे बऱ्यापैकी टिकतात.

तिसरा नमुना बघायचा तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव बघा. एक किलोची रोहू मादी साधारण दोन ते तीन लाख अंडी देते. रोहूंची संख्या पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच राहायची असेल, तर एका मादीच्या आयुष्यभराच्या अंड्यांतून सरासरी दोनच मासे मोठे होऊन त्या जोडीची जागा घेतात. बाकी सगळे वाटेत जातात, त्यातलेही बहुतेक पहिल्या काही दिवसांत. चांगल्या राखलेल्या संगोपन तळ्यातसुद्धा मत्स्यजिऱ्यापासून (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांपासून) मत्स्यबीज (थोडी वाढलेली पिल्लं) होईपर्यंत निम्म्याहून कमीच हाती लागतं. म्हणून मोठ्या तलावात जिरे न टाकता बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिल्लं, टाकतात. बोटुकलीला जास्त पैसे द्यायचे म्हणजे तो कोसळता कडा दुसऱ्या कुणीतरी पार करून दिला, त्याचे पैसे द्यायचे. मला हा व्यवहार नेहमीच रास्त वाटत आला आहे.

बकरी या तीनपैकी एकाही नमुन्यात नीट बसत नाही. पहिले तीन महिने ती तिसऱ्यासारखी वागते आणि एकदा वर्षाची झाली की पहिल्यासारखी. खऱ्या प्राण्यांचं बहुधा असंच मिश्रण असतं. आपल्याला शोधायचं आहे ते एवढंच, की आपल्या कळपाची रेघ सगळ्यात जास्त कुठे घसरते.

वही: जन्माच्या दिवशीच नोंद

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि सगळ्यात जास्त चुकतंही इथेच. का चुकतं, ते एका जुन्या अभ्यासातून चांगलं कळतं. अलास्कातल्या माउंट मॅकिन्ले भागात अडॉल्फ म्युरी यांनी डॉल जातीच्या रानमेंढ्यांच्या कवट्या गोळा केल्या होत्या. शिंगांवरच्या वळ्यांवरून मेंढीचं मरतानाचं वय कळतं. त्यातल्या ६०८ कवट्यांवरून डीव्ही यांनी जीवनतक्ता केला. पहिल्या वर्षी मोठी मर, मग सात-आठ वर्षांपर्यंत फार थोडी, आणि त्यानंतर पुन्हा वाढती, असं चित्र निघालं. पण कोकरांच्या कवट्या मऊ असतात, लवकर कुजतात, जनावरं खाऊन टाकतात. त्यामुळे पहिल्या वर्षाची मर तक्त्यात दिसते त्याहून जास्त असणार, हे डीव्ही यांनाही मान्य होतं.

आपल्या गावात अगदी हेच घडतं. दूध देणारी बकरी मेली तर ती तारीख घरच्यांना वर्षानुवर्षं आठवते. दोन दिवसांचं पिल्लू मेलं तर संध्याकाळपर्यंत ते उकिरड्यापलीकडे पुरलेलं असतं आणि पोळा येईपर्यंत त्याची आठवणही राहत नाही. वर्षाच्या शेवटी आठवून आठवून वही भरली, तर सगळ्यात लहान वयाचे मृत्यूच नेमके गळतात आणि रेघ आहे त्याहून बरी दिसते. म्हणून नोंद मेल्यावर सुरू करायची नाही. पिल्लू जमिनीवर पडलं, त्याच दिवशी त्याची ओळ सुरू करायची. मेलेलं जन्मलं तरी ओळ लिहायची, पण पुढे तसा शेरा मारायचा आणि हिशेबात ते वेगळं ठेवायचं.

एका ओळीत इतकं असावं: पिल्लाचा नंबर, जन्मतारीख, आई कोणती, एकटं की जुळं-तिळं, पाठ (मादी) की बोकड, आणि जमलं तर जन्माचं वजन. मग दोन रकाने मोकळे सोडायचे: शेवटची तारीख आणि काय झालं. "काय झालं" मध्ये मोजकेच शब्द ठेवा: मेलं, विकलं, कापलं, अर्धलीवर (निम्म्या वाट्यानं सांभाळायला) दिलं, हरवलं. कारण माहीत असेल तर पुढे लिहा, जसं हगवण, सर्दी-धाप, पोटफुगी, कुत्रं, बिबट. माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहा. अंदाजानं लिहिलेलं कारण पुढे फार फसवतं.

कानात बिल्ला असेल तर तोच नंबर वापरा. नसेल तर आईच्या नावावरून आणि अंगावरच्या पांढऱ्या-काळ्या खुणांवरून लिहिलं तरी चालतं. गळ्यात सुतळी बांधायची असेल तर सैल आणि सहज तुटेल अशीच. बोरीच्या काट्यात अडकून पिल्लू फास लागून मरतं.

ताडोबा, पेंच, मेळघाटाच्या कडेच्या गावांत जंगलात गेलेली बकरी परत आली नाही, तर काय लिहायचं? अंगाचा भाग, रक्त, ओढल्याची खूण सापडली आणि पंचनामा झाला तर "मेलं" लिहा, तारीख पंचनाम्यातली घ्या. काहीच सापडलं नाही तर "हरवलं". हरवलेल्याचा हिशेब विकलेल्यासारखा करायचा. तो कसा, ते पुढे येतं.

वयाचे टप्पे

बकरीसाठी मी असे टप्पे सुचवीन: पहिला आठवडा, आठ ते तीस दिवस, एक ते तीन महिने, तीन ते सहा महिने, सहा ते बारा महिने, आणि त्यापुढे वर्षावर्षाचे. लहान वयात टप्पे बारीक हवेत, कारण मर तिथेच दाटलेली असते. शिवाय प्रत्येक टप्प्यातली मरण्याची कारणंही वेगळी असतात. पहिल्या आठवड्यात चीक, नाळ, थंडी. महिन्याच्या आसपास हगवण आणि फुप्फुसाचा दाह. दूध तुटून चारा सुरू होतो तेव्हा रक्ती हगवण आणि जंत. पुढे आंत्रविषार (आतड्यातल्या विषाचा आजार) आणि पीपीआर (बकऱ्या-मेंढ्यांचा विषाणूचा साथीचा आजार).

विकलेल्या पिल्लांचा घोळ

जंगलातल्या प्राण्यांचा तक्ता करणाऱ्याला विक्रीची ही अडचण येत नाही, आपल्याला मात्र येतेच. बकरी ईद जवळ आली की बोकड जातात. पोरीच्या लग्नाला, खताला, दवाखान्याला पैसे लागले की पाठीही जातात. विकलेलं पिल्लू मेलेलं नाही. पण ते पुढे जगलं की नाही, हेही आपल्याला कळत नाही. त्याला मेलेल्यांत धरलं तर रेघ खोटी कोसळते, आणि शेवटपर्यंत जिवंत धरलं तर खोटी सुधारते.

यावर आयुर्विम्याच्या हिशेबातली जुनी, सोपी युक्ती आहे. एखाद्या टप्प्यात विकलेली पिल्लं सरासरीनं त्या टप्प्याच्या मध्यावर गेली असं मानायचं, म्हणजे ती अर्धा टप्पा आपल्या नजरेखाली होती. म्हणून टप्प्याच्या सुरुवातीच्या संख्येतून विकलेल्यांची निम्मी संख्या वजा करायची. उरते ती "जोखमीतली" संख्या. मेलेल्यांना तिनं भागलं की त्या टप्प्यातला मरण्याचा दर मिळतो.

हिशेब कळावा म्हणून आकडे धरू या. चार घरांनी मिळून वही ठेवली आणि हंगामात ६० पिल्लं जिवंत जन्मली.

| वय | सुरुवातीला | मेली | विकली | जोखमीतली | दर हजारी मर | हजारातली उरलेली |
|---|---|---|---|---|---|---|
| ०–७ दिवस | ६० | ६ | ० | ६० | १०० | ९०० |
| ८–३० दिवस | ५४ | ४ | ० | ५४ | ७४ | ८३३ |
| १–३ महिने | ५० | ५ | ० | ५० | १०० | ७५० |
| ३–६ महिने | ४५ | ३ | ६ | ४२ | ७१ | ६९६ |
| ६–१२ महिने | ३६ | १ | २० | २६ | ३८ | ६७० |

शेवटचा रकाना कसा आला? पहिल्या टप्प्यात हजारातले १०० गेले, उरले ९००. दुसऱ्यात दर हजारी ७४ गेले, म्हणजे ९०० चे ९२६ हजारांश, ८३३. असंच गुणत खाली यायचं. दर वेळी आधीच्या ओळीत उरलेल्यांनाच गुणायचं, मूळ हजाराला नाही. ही चूक पुष्कळांकडून होते.

वर्षाअखेर कोठ्यात १५ पिल्लं दिसतात. कुणी म्हणेल साठातली पंधरा, म्हणजे हजारातली २५० वाचली, धंदा बुडाला! खरं तर हजारातली ६७० वाचतील असा हा कळप आहे. बाकीची बाजारात गेली. या दोन आकड्यांमधला फरक बघितला की विक्रीची तारीख लिहायचा कंटाळा कुणी करणार नाही.

दिवसाचा दर काढा, नाहीतर टप्पे फसवतात

तक्त्यात पहिला आठवडा आणि एक ते तीन महिने, दोन्हीकडे दर हजारी मर १०० आहे. म्हणजे दोन्ही टप्पे सारखेच धोक्याचे? नाही. पहिला टप्पा सात दिवसांचा आहे, दुसरा साठ दिवसांचा. मर टप्प्याच्या दिवसांनी भागा. पहिल्या आठवड्यात रोज हजारी साधारण १४. मग आठ ते तीस दिवसांत ३.२, एक ते तीन महिन्यांत १.७, तीन ते सहा महिन्यांत ०.८ आणि सहा ते बारा महिन्यांत ०.२. आता दिसतं की पहिल्या आठवड्यातला एक दिवस हा नऊ महिन्यांच्या पिल्लाच्या एका दिवसापेक्षा कितीतरी पट धोक्याचा आहे. रात्री उठून कुणाकडे कंदील धरायचा, हे इथे ठरतं.

पण लांब टप्प्यातली एकूण मरही सोडून देऊ नका. रोजचा दर कमी असला तरी साठ दिवसांत तेवढीच पिल्लं गेली आहेत. रोजचा दर जास्त असेल तिथे काही दिवसांची कडक राखण लागते. दर कमी पण मर मोठी असेल तिथे एखादी लस, एखादं जंतनाशक, कोठ्याची सुधारणा असं टिकणारं काम लागतं.

आलेख काढायचा कागद

साध्या आलेख कागदावर रेघ काढली तर शेवटचा भाग तळाशी दबतो आणि दोन टप्प्यांतले दर डोळ्यांनी ताडता येत नाहीत. म्हणून उभ्या अक्षावर निम्मं-निम्मं करत जायचं. सगळ्यात वर १०००, तिथून पाच सेंटिमीटर खाली ५००, आणखी पाच खाली २५०, मग १२५. अंतर सारखं, आकडा निम्मा. १००० आणि ५०० च्या बरोबर मध्यावर ७५० येत नाही, ७०७ येतो. तिथे बारीक खूण करून ठेवा. आडव्या अक्षावर महिने सारख्या अंतरावर.

या कागदावर मरण्याचा दर सारखा असेल तिथे रेघ सरळ दिसते. जितका जास्त उतार तितका जास्त दर. वरच्या उदाहरणाची रेघ पहिल्या महिन्यात झपाट्यानं उतरते, तीन महिन्यांपर्यंत कलती राहते आणि सहाव्यानंतर जवळजवळ आडवी होते.

उतार बघून काम ठरवा

पहिल्या आठवड्यात कडा असेल तर सुरुवात पिल्लापासून नको, आईपासून करा. बकरी पाच महिने गाभण असते आणि पिल्लाची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्याच काळात चराई आटलेली असली की पिल्लू हलकं जन्मतं, आईला चीकही कमी येतो. तेव्हा थोडा खुराक, भरडा, तुरीचं कुटार, सुबाभळीचा पाला गाभण बकरीला आधी. जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. पहिल्या दिवसात वजनाच्या साधारण दहावा भाग, म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला सुमारे २०० मिलिलिटर, थोडा थोडा करून. जार पडेपर्यंत चीक पाजू नये असं काही घरांत अजून मानतात. या समजुतीनं पिल्लं मरतात, म्हणून हे ठासून सांगतो: जारेची वाट बघू नका. नाळेला टिंक्चर आयोडिन लावा. खाली कोरडं तणस टाका. जुळ्यांतलं लहान पिल्लू सडापर्यंत पोचतं का, ते स्वतः उभं राहून बघा. वहीत जुळ्यांचा आणि एकट्यांचा दर वेगवेगळा काढला तर बहुतेक ठिकाणी फरक चटकन दिसेल.

एक ते तीन महिन्यांत उतार असेल तर कोठ्याची जमीन बघा. ओली जमीन, दाटी, मोठ्यांच्या लेंड्यांत पिल्लांचं तोंड, यातून रक्ती हगवण वाढते. पिल्लांचा वेगळा कोरडा कोपरा करा. बांबूचा माचा जमिनीपासून हातभर वर बांधला तरी खूप फरक पडतो. शेणाचा नमुना डबीत घालून दवाखान्यात तपासून घ्या आणि मगच औषध द्या.

तीन महिन्यांनंतर एकाच आठवड्यात बरीच पिल्लं गेली असतील तर तो साथीचा आजार असू शकतो. उतार तारखांवर दाटलेला आहे की वयावर, हे वहीतून लगेच कळतं. एकाच तारखेभोवती सगळ्या वयाची जनावरं गेली असतील तर साथ. वेगवेगळ्या महिन्यांत पण एकाच वयाची गेली असतील तर दोष संगोपनात. पीपीआरची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात, आंत्रविषाराची पावसाळ्यापूर्वी. तारखा पशुवैद्यकाशी बोलून ठरवा.

दात बघून झटपट अंदाज

वर्षभर थांबायला वेळ नसेल तर एकाच दिवशी आखरावर उभं राहून सगळ्या बकऱ्यांचे दात बघतात. खालच्या जबड्यात पुढचे आठ दात. वर पुढचे दात नसतातच. सगळे दुधाचे म्हणजे आदत, वर्षाच्या आतबाहेर. दोन दाती साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार दाती दोनच्या आसपास, सहा दाती अडीच-तीन, आणि जुळलेली (आठही दात आलेली) साडेतीन-चारच्या पुढे. नंतर दात झिजतात, फटी पडतात, तुटतात.

प्रत्येक वयाच्या किती हे मोजून त्यावरूनच तक्ता करायचा मोह होतो. जपून. दोन दाती २० आणि चार दाती १० निघाल्या म्हणजे निम्म्या मेल्या, असं होत नाही. मागच्या वर्षी जास्त पाठी राखल्या असतील, आदल्या वर्षी दुष्काळात विकल्या असतील. जन्म आणि विक्री दर वर्षी सारखीच असेल तरच ही पद्धत खरं बोलते, आणि आपल्याकडे तसं कधी नसतं. दातांचा उपयोग म्हाताऱ्या बकऱ्या ओळखायला करा: दात तुटलेली बकरी चरू शकत नाही, तिची पिल्लं हलकी जन्मतात, आणि पुन्हा पहिल्या आठवड्याचाच कडा वाढतो.

सरावासाठी कोंबडी

पद्धत शिकायची असेल तर खुडूक कोंबडीपासून करा, चार महिन्यांत आख्खी रेघ मिळते. एकविसाव्या दिवशी किती पिल्लं निघाली ते लिहा आणि रोज संध्याकाळी डालग्याखाली झाकताना मोजा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत घार, मांजर, मुंगूस आणि पाऊस सगळ्यात जास्त नेतात. एका रात्रीत मोठ्या कोंबड्याही गेल्या तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय धरा.

थोड्या आकड्यांवर उड्या मारू नका

एका टप्प्यात सहा मेली आणि पुढच्या वर्षी चार, यावरून सुधारणा झाली म्हणता येत नाही. मोजलेल्या मृत्यूंच्या वर्गमुळाची दुप्पट एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडतो. सहाच्या बाबतीत तो जवळजवळ पाच आहे. म्हणून एकट्या घराची वही अपुरी पडते. गटातल्या आठ-दहा घरांनी एकाच नमुन्याची वही ठेवली, टप्पे तेच ठेवले आणि आकडे एकत्र केले, तर दुसऱ्या वर्षी बोलण्याजोगं काहीतरी हाती येतं. घराघरांतले फरकही मग दिसतात: एका घरी पहिला आठवडा मर न होता जातो आणि शेजारी नाही, तर त्या घरची बाई काय वेगळं करते ते तिलाच विचारावं.

दुसऱ्या वर्षाची रेघ त्याच कागदावर वेगळ्या रंगानं काढा. एक गोष्ट तपासायला विसरू नका. चीक आणि ऊब यांमुळे पहिल्या आठवड्याची घसरण कमी झाली आणि एक ते तीन महिन्यांची मात्र वाढली, असं कधी कधी दिसतं. पूर्वी दुसऱ्या दिवशी जाणारी अशक्त पिल्लं आता दुसऱ्या महिन्यात जात असतात. तेव्हा पहिल्या टप्प्याच्या आकड्यावर थांबू नका, बारा महिन्यांच्या ओळीत उरलेले किती ते बघा. तिथे ६७० चे ७५० झाले आणि गटाचे एकूण आकडे मोठे असतील, तर काम लागू पडलं. तिथे फरकच नसेल तर पुढच्या हंगामाचा खर्च दुसऱ्या महिन्याकडे वळवा, म्हणजे माच्याकडे, जंतनाशकाकडे आणि दूध तुटण्याच्या वेळच्या खुराकाकडे.